दिवाणाची पाठ

पावणं, आधी चहा घ्या. गार झाला की परत तापवायला मलाच उठावं लागंल. तर तुमच्या पोरीनं हट्ट धरलाय, तसलं लांबडं डॅशहुंड कुत्रंच पायजे, आणि कुरुंदवाडात कुणाकडं न्हाय म्हणून चौकशी कराय शिवाजी पेठेत आमचं दार शोधत आलाय. बरं केलं. आधी पिल्लू आणून मग इचारणारीच माणसं जास्त. आता सांगते ते ऐका, आणि मग बी न्यायचं असलं तर खुशाल न्या.

ह्यो आमचा दिवाण. दोन हजार दोन साली माझ्या दिरानं, उदयसिंहनं, पुण्यास्नं आणला. तवा सासूबाई जाऊन वरीस झालं नव्हतं. माझं सासरं म्हंजे आकाराम वस्ताद. उभा जन्म तालमीत गेला. पोरं घडवली आणि मोडलेली दुरुस्त बी केली. कुणाची कंबर धरली, मान आखडली, की मामंजींच्या दारात. पण सासूबाई गेल्या आणि ताटावर नुसतं बसून उठायचं. दिवाण आला आणि माणूस जेवाय लागलं. एक घास त्याला, एक स्वतःला.

घोटाळा तिथंच झाला. वस्तादाला जीव लावायची एकच रीत ठावं, खुराक. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटणाचा रस्सा. मी म्हणायची, "मामंजी, हे कुत्रं हाय, तालमीतलं पोरगं न्हाय." ते म्हणायचं, "खुराकात हात आखडायचा नसतो." बघता बघता दिवाणाचं पोट फरशीला घासाय लागलं. ह्या जातीची पाठ लांब, मणकं नाजूक, वजन वाढलं की सगळा भार तिथंच. हे आमाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मामंजींनी ऐकलं नसतं म्हणा.

एका दुपारी त्यानं मामंजींच्या कॉटवरनं खाली उडी मारली आणि मागचं दोन्ही पाय गेलं. केकाटला न्हाय, काय न्हाय. पुढच्या पायांवर स्वतःला ओढत मामंजींपाशी आला आणि तोंडाकडं बघत राहिला.

जनावरांच्या डॉक्टरनं मागच्या पंजाला चिमटा काढून बघितला. दिवाणानं मान वळवली. डॉक्टर म्हणाला, "मणक्यातली गादी सरकल्या. त्याला कळतंय, तवर आशा हाय. गोळ्या द्या आणि लहान जागेत कोंडून ठेवा. उडी न्हाय, जिना न्हाय. उचलायचं तर एक हात छातीखाली, एक मागं, पाठ सरळ. आणि चोळायचं, दाबायचं अजिबात न्हाय. दाबलं तर कायमचं बसंल."

रिक्षात बसल्यावर मामंजी म्हणालं, "कालचं पोरगं मला पाठ शिकवतंय."

मी लाकडी खोक्यात गोधडी घालून दिवाणाला त्यात ठेवला. दिवस चाललं, पण पाय हलंनात. गल्ली बोलाय लागली, वस्तादाच्या घरात पाठ मोडून पडलंय आणि सून हात लावू देईना. मामंजींचं ताट परत भरल्यालं उठाय लागलं. रोज मला एकच सांगायचं, "सूनबाई, एकदा गुडघा टेकवून मणका बसवला की झालं. शेकड्यानं बसवल्यात. आणि त्याला दुखत न्हाय. दुखलं असतं तर वरडलं नसतं?"

खोटं कशाला बोलू, मला बी शंका याय लागली. डॉक्टर चुकला असला तर? म्हाताऱ्याला आणि त्या मुक्या जिवाला, दोघांना बी मीच मारत असले तर? आमचं मालक दुधाच्या गाडीवर. त्यांना सांगितलं तर म्हणायचं, "आबांपुढं मी काय बोलू?" म्हंजे बोलायचं मीच. आणि लगीन होऊन आल्यापासनं मी मामंजींपुढं कधी मान वर केली नव्हती.

एका सकाळी गिरणीत दळण ठेवाय गेलते. परत आले तर दारातच कोमट तेलाचा वास. चप्पल न काढता तशीच आत घुसले.

मामंजी उभं होतं. दिवाणाला त्यांनी खोक्यातनं उचलला होता, तान्ह्या पोराला उचलतात तसा, काखांत हात घालून. मागचं सगळं धड खाली लोंबत होतं. आणि त्याच टायमाला त्यो केकाटला. इतक्या दिसांत पहिल्यांदा. तसलं केकाटणं परत माझ्या कानावर येऊ नये. मान वळवून त्यानं मामंजींचा अंगठा धरला आणि दात आत रुतवलं.

आता तुमीच सांगा, कुणीबी काय केलं असतं? हात झटकला असता. मी झटकला असता. आणि झटकला असता तर दिवाण फरशीवर आपटून संपला असता. मी दारात, ते खोलीच्या पार त्या टोकाला.

मामंजींनी हात हलवला न्हाय. रक्त मनगटावरनं कोपरापर्यंत उतरलं, हात तसाच. "सूनबाई, खालनं धर," एवढंच म्हणालं.

मी पळत गेले. एक हात मागच्या पायांखाली घातला, दुसरा पोटाखाली. म्हणलं, "एकदम सोडू नका. माझ्यासंगं खाली या. सावकाश." सासऱ्याला हुकूम सोडत होते, ते मागनं ध्यानात आलं. दोघं मिळून जरा जरा वाकत गेलो. गोधडीला पोट टेकलं तवा कुठं दिवाणानं तोंड उघडलं, आणि त्योच अंगठा चाटाय लागला.

मी नळाखाली साबणानं त्यांचा हात धुतला. ते खोक्याकडं बघत होतं. मग म्हणालं, "दुखत होतं गं त्याला."

"व्हय."

"पहिल्या दिसापासनं?"

"व्हय मामंजी."

"तालमीत कोण वरडत न्हाय," ते म्हणालं. "वस्तादाच्या हाताखाली वरडला तर त्यो पैलवान कसला? मी समजत होतो, गप हाय म्हंजे बरं वाटतंय." तेलाची वाटी त्यांनी पायानं लांब सारली.

दिवाण उठला, पण लगेच न्हाय. आधी शेपूट हलली, मग एक पाय, मग दुसरा. अजून मागनं डुलत चालतोय, बघितलंसा न्हवं? खुराक आता मापात. पायरीला उताराची फळी हाय, ती मामंजींनीच ठोकल्या. तर न्या पिल्लू, पावणं. अंगण उकरंल, एक बोलणं ऐकायचं न्हाय, त्याला इलाज न्हाय. पण गप बसलं की त्याच्याकडं बघा. ही जात लई सोसती.

आणि अंगठा चावला त्या दिवशी सांजच्याला मामंजी दवाखान्यातनं इंजेक्शन घेऊन आलं. मी ताट वाढलं. खाली बसताना त्यांनी भिंतीला हात धरला. माझं लगीन झाल्यापासनं ते तसंच बसायचं, मला वाटायचं सवय असंल. त्या दिवशी अर्ध्यातच थांबलं.

"सूनबाई," ते म्हणालं, "माझी बी कंबर दुखत्या. लई वरसं झाली."

मी खुर्ची आणून दिली आणि ताट स्टुलावर ठेवलं. ते बसलं, आणि पोटभर जेवलं.