कच्चं सफरचंद न खाणाऱ्या घरातली थाळी

मित्रांनो, आत्ताच स्वयंपाकघरातल्या भट्टीतून बाहेर आले आहे, तेव्हा हात लावू नका, जरा लांबूनच ऐका. मी एक जुनी मातीची थाळी आहे. रंगानं तपकिरी, पोटानं खोलगट आणि काठाचा एक टवका उडालेली. नॉर्वेतल्या हार्डांगर फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या काठी, सफरचंदांच्या बागेतल्या एका घरात माझं सारं आयुष्य गेलं.

पलीकडच्या काठावरच्या कुंभारानं मला घडवलं, झिलई दिली आणि भाजलं. विकताना त्यानं बोटाच्या पेरानं मला वाजवून दाखवलं. आवाज खणखणीत आला, तेव्हा बोर्गहिल्डच्या आईनं मला उचललं. बोर्गहिल्ड त्या वेळी पाळण्यात होती, आज ती सुनिवाची आजी आहे. वाजवून बघायची सवय मात्र आईकडून लेकीकडे आली. माझ्यात सफरचंदं रचण्याआधी बोर्गहिल्ड अजूनही एकदा टकटक करते, कान देते आणि मगच लोणी, साखर, दालचिनी काढते.

माझं काम एकच, सफरचंदं भाजायची. शेजारपाजारची मंडळी झाडावरून तोडून कचाकचा खात, पण आमच्या घरी तसं कोणी करत नसे. "कच्चं सफरचंद गिऱ्हाइकानं खावं, पिकवणाऱ्यानं भाजून खावं," असं आमच्या घरातली माणसं पाहुण्यांना मोठ्या ऐटीत सांगत. ही सगळी माझ्या पोटातल्या उबेची किमया, असं मला वाटायचं. बाजारात काचेची चकचकीत भांडी आली, तरी माझी जागा कोणी घेतली नाही. थोडा गर्व झाला होता मला, कशाला लपवू?

बोर्गहिल्डला एक थोरला भाऊ होता, आन्फिन. भट्टीतून मी निघाले की पहिलं सफरचंद त्याचं, असा नियमच होता. मोठा गोड पोरगा. पण मे महिना लागला की त्याची छाती भरून यायची. "काम निघालं की याला धाप लागते," असं त्याचे वडील चारचौघांत म्हणत आणि तो मान खाली घालून दाताळं उचले. एका वर्षी तो अंथरुणालाच खिळला. सतरा मे हा आमचा राष्ट्रदिन. त्या दिवशी दारं, शाळा, व्यासपीठ सगळं भूर्ज वृक्षाच्या कोवळ्या फांद्यांनी सजतं. भावाला मिरवणूक बघता येणार नाही, म्हणून छोट्या बोर्गहिल्डनं ती सजावटच त्याच्या खोलीत नेली. तुऱ्यांनी लवलेल्या फांद्यांचा भारा तिनं त्याच्या उशाशी बांधला. त्याच आठवड्यात आन्फिन गेला. पोराची छाती कमजोर होती, असं सगळे म्हणाले. त्याच्या वाट्याचं सफरचंद माझ्यात तसंच थंड झालं. मला त्याची फार आठवण येते.

पुढे बोर्गहिल्डचा मुलगा तोरलाईफ बाग बघू लागला. झाडांवर त्याचा जीव. त्याची बायको तूरिद बर्गन शहरातून आली, ती कच्ची सफरचंदं बिनदिक्कत खायची. नवी नवी असताना तिनं केसांत माळायला फुललेली एक डहाळी तोडली, तर हा गडी दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. "एक डहाळी मोडलीस म्हणजे पानगळीतली सफरचंदांची अर्धी टोपली मोडलीस," असं त्याचं म्हणणं.

त्यांची मुलगी सुनिवा. शाळेच्या वाद्यवृंदात ती ट्रम्पेट वाजवते. मिरवणुकीनंतर जे शेवटचं गाणं होतं, त्यातला लांबलचक सूर एकट्या ट्रम्पेटचा. तो सूर तिला हवा होता. एका वर्षी सतरा मेच्या आधी वाद्यवृंदाचे ओड्वार मास्तर आमच्या स्वयंपाकघरात कॉफीला आले.

"तिचा शेवटचा सूर टिकत नाही," ते म्हणाले. "मी म्हणतो, ढोल घे. ढोलाला दम लागत नाही."

"मला ढोल नकोय," सुनिवा म्हणाली.

"मग सराव वाढव."

"मार्चमध्ये येत होता की मला तो सूर. तुम्हीच म्हणालात, छान."

तोरलाईफ रुमालात शिंकला. "मे लागला की आमच्याकडे सगळ्यांचीच नाकं गळतात, मास्तर. खानदानी दागिना आहे तो आमचा." मोठी माणसं हसली. सुनिवा ट्रम्पेट घेऊन वर निघून गेली.

सतरा मेला सफरचंदाचा केक पोटात घेऊन मीही शाळेत गेले. माझी जागा दाराशेजारच्या टेबलावर. दारावर भूर्जाची कमान होती. दर वर्षीप्रमाणे तिच्या फांद्या ओढ्याकाठून बोर्गहिल्डनंच आणल्या होत्या. कमानीखाली मुलं उभी राहिली. शेवटच्या गाण्यात सुनिवाचा सूर मध्येच तुटला. ती पायरीवर बसली, खांदे वरखाली होऊ लागले आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. भांड्याला तडा गेला की आवाज कसा फाटतो, ते मी जाणते. हा आवाज मी पूर्वी एकदा ऐकला होता.

गावात नुकतीच आलेली डॉक्टर मारित माझ्यासमोरच केक खात होती. ताटली टाकून ती धावली. मोटारीतून औषधाचा फवारा आणला, पोरीला कमानीपासून लांब, पाण्याकडच्या वाऱ्यात नेऊन बसवलं. "ओढ. सावकाश. घाई नाही आपल्याला." हळूहळू श्वास संथ झाला. तूरिद तिला धरून परत आली, तेव्हा एका शेजारणीनं सफरचंदाची फोड पुढे केली.

"नको, मावशी. तोंडात खाज सुटते," सुनिवा म्हणाली.

"आमच्यात कच्चं कोणी खात नाही, डॉक्टर," बोर्गहिल्ड म्हणाली.

"कोणीच नाही?"

"तूरिद खाते. पण ती बाहेरून आलेली."

"आणि खाल्लं तर काय होतं?"

"काय व्हायचंय? घसा खवखवतो, ओठ चुरचुरतात," तोरलाईफ म्हणाला. "सगळ्यांनाच होतं ना ते?"

"नाही," डॉक्टर म्हणाली. "सगळ्यांना नाही होत." आणि ती दारावरच्या कमानीकडे बघत राहिली.

मग सुनिवाचं, तोरलाईफचं आणि बोर्गहिल्डचं रक्त तपासायला गेलं. अहवाल सांगायला डॉक्टर घरीच आली. निमित्त अहवालाचं, पण डोळा केकवर होता, हे मी ओळखलं. भूर्जाच्या परागाविरुद्ध रक्तात जो एक आकडा चढतो, तो तिघांचाही चढलेला होता. सुनिवाच्या रक्तात ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशीही भरपूर होत्या. भूर्जाच्या परागातला एक घटक आणि सफरचंदातला एक घटक जुळ्या भावांसारखे दिसतात, त्यामुळे रक्ताची फसगत होते, असं तिनं समजावलं. भाजलं की सफरचंदातला तो घटक मोडतो.

म्हणजे तीन पिढ्या माणसं माझ्याकडे येत होती ती माझ्या गुणामुळे नव्हे, ओठांच्या खाजेमुळे. ऐकून मी ओशाळले. पण माझ्यापेक्षा बोर्गहिल्डची अवस्था वाईट होती.

"म्हणजे हे माझ्याकडून पोरीकडे गेलं," ती म्हणाली.

"तुमच्याकडून ॲलर्जीचा कल गेला, आजी. दमा जातोच असं नाही. कल असलेली कितीतरी मुलं धडधाकट वाढतात. हिला झालाय, तर आपण औषध देऊ. पुढच्या वर्षी भूर्जाला परागाचे तुरे यायच्या आधीच सुरू करू."

बोर्गहिल्ड बराच वेळ टेबलावरचा एकच डाग पुसत बसली. मग म्हणाली, "आजारी माणसाच्या उशाशी कोणी त्याच फांद्या ठेवल्या, तर?"

डॉक्टरनं कोण, कधी, काही विचारलं नाही. तिनं बोर्गहिल्डचा हात धरला. "ज्यानं ठेवल्या, त्यानं मायेनं ठेवल्या असतील. त्या काळी डॉक्टरनंही ठेवल्या असत्या."

डॉक्टर गेल्यावर बोर्गहिल्डनं मला घासलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि तळघरात ठेवलं. वाजवून बघितलं नाही. पानगळ आली, माझ्या आजूबाजूला सफरचंदांच्या पेट्या रचल्या गेल्या, त्यांचा वास अंधारात दरवळायचा. पण वर कोणी भट्टी पेटवली नाही. मी तिथं फार एकटी पडले होते.

हिवाळ्यात बटाटे घ्यायला आलेल्या सुनिवाला मी सापडले. ती मला छातीशी धरून वर घेऊन गेली. "आजी, हिला का कोंडलंस?"

"तिला बघितलं की आन्फिन आठवतो."

"मग त्याच्यासाठीही एक भाज. मला कच्चं चालत नाही, म्हणजे भाजलेलं आवडत नाही असं थोडंच आहे?"

बोर्गहिल्डनं बोट वाकवून मला वाजवलं. आवाज आला, पहिल्यासारखा. तिनं पदर नसलेल्या बायका पुसतात तसे बाहीनं डोळे पुसले आणि लोणी काढलं.

औषध वेळेवर सुरू झालं, सुनिवाचा सूर लांबत गेला. प्रश्न उरला कमानीचा. बोर्गहिल्डनं ओड्वार मास्तरांना बोलावून सांगितलं, यंदा दारावर भूर्ज नको.

"सतरा मे आणि भूर्ज नाही? मग झेंडाही काढून ठेवू का?"

"झेंडा राहू दे. झेंड्याला तुरे येत नाहीत."

"मग दाराला लावायचं काय? बटाट्याचे वेल?"

तोरलाईफ खिडकीतून बागेकडे बघत होता. त्या वर्षी बहर लवकर आला होता.

सतरा मेच्या सकाळी तो करवत आणि शिडी घेऊन बागेत शिरला. तूरिद खिडकीतून ओरडली, "तोरलाईफ, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"आहे. ये, शिडी धर."

एका डहाळीसाठी दोन दिवस अबोला धरणाऱ्या माणसानं भरल्या फुलांच्या फांद्या एकामागून एक उतरवल्या. सफरचंदाचे पराग चिकट, मधमाशीबरोबर जातात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत, असं त्यानं डॉक्टरला आधीच विचारून ठेवलं होतं. शाळेच्या दारावर पांढऱ्या-गुलाबी फुलांची कमान उभी राहिली. सुनिवा तिच्याखाली उभी राहिली आणि तिनं शेवटचा सूर धरला. ओड्वार मास्तरांचा हात खाली आला, तरी तिनं तो सोडला नाही. मास्तरही मग हात तसाच ठेवून ऐकत राहिले. बोर्गहिल्ड माझ्याशेजारी उभी होती. "ऐकतोस ना रे?" असं ती हळूच म्हणाली, ते फक्त मला ऐकू आलं.

मित्रांनो, 'आमच्यात हे असंच असतं' असं म्हणून हसण्यावारी नेलेलं काहीतरी तुमच्याही घरात असेल. एकदा 'का' म्हणून विचारून बघा. धाप लागलेल्या पोराला आळशी म्हणण्याआधी त्याच्या पाठीला कान लावा. मडकं घेताना माणसं वाजवून घेतात, मग आपल्या माणसाचा आवाज ऐकायला कसला आळस?

आता मी पुरेशी निवले आहे. या, हवं ते सफरचंद उचला. फक्त हे काठाजवळचं, टवक्याशेजारचं राहू द्या. ते आन्फिनचं आहे.