शेजारच्या टेबलावरचा नवा

मित्रांनो, शाळेच्या कार्यशाळेत खिडकीपाशी जो काळा, रंग उडालेला सूक्ष्मदर्शक दिसतो, तो मी. शेजारच्या टेबलावर नवा आहे. त्याचे नाव काढले तरी माझ्या पोटात दुखते, म्हणून आधी माझेच सांगतो.

माझा जन्म भिंगांच्या कारखान्यात झाला. झाडाची पाने दाखवणाऱ्या माझ्या भावंडांना उजेड खालून मिळतो. लोखंडातून उजेड आरपार जात नाही, म्हणून माझा दिवा वरून उजेड टाकतो. इथली नववी-दहावीची मुले वेल्डिंग केलेल्या पट्टीचा तुकडा कापतात, पॉलिश पेपरवर आरशासारखा होईपर्यंत घासतात, पातळ आम्लात बुडवलेल्या कापसाने पुसतात आणि माझ्याखाली ठेवतात. जोड बाहेरून कितीही देखणा असो, आतला बुडबुडा किंवा तडा माझ्यापासून लपत नाही. "याने पास केलं म्हणजे झालं," असे सर म्हणायचे, तेव्हा मी मनातल्या मनात केवढा भाव खायचो.

माझा सगळ्यात जास्त जीव एका मुलीवर. गर्दीत कुठेही घुसते म्हणून सगळे तिला पाचर म्हणतात. नववीत असताना स्टुलावर चढून तिने पहिल्यांदा माझ्यात डोकावले आणि म्हणाली, "सर, हे तर उंचावरून शेतं बघितल्यासारखं दिसतंय. मधे बांधसुद्धा आहेत." त्यानंतर ती रोज मधल्या सुट्टीत माझ्यापाशी असे.

मग तो नवा आला. त्याला कॅमेरा आहे. तो जे पाहतो ते भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्या वर्गाला दिसते. मुले त्याच्याभोवती गोळा झाली आणि पाचर अर्थातच सगळ्यांच्या पुढे. "कसलं भारी दिसतंय," ती म्हणाली. हे शब्द मी आजही विसरलेलो नाही. त्याची खोळ यायची होती, तर सरांनी माझी काढून त्याला घातली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार महिने मी उघडा होतो. घासकामाची धूळ माझ्यावर बसली आणि आम्ल पुसायच्या कापसाचा एक धागा, मुले डोळा लावतात त्या माझ्या सैल नेत्रिकेतून आत शिरून काचेवर पडला.

खालच्या वर्गांसाठी लोखंडी झोपाळा बनवायचा होता. ज्याचा नमुना निर्दोष निघेल, त्यानेच झोपाळ्याच्या आडव्या दांडीचा जोड द्यायचा असे ठरले. पाचरचा धाकटा भाऊ दुसरीत आहे. झोपाळा मीच करणार असे ती त्याला घरी सांगून बसली होती. तपासणीच्या दिवशी नव्यापुढे भलीमोठी रांग लागली, म्हणून ती माझ्याकडे आली.

तिने डोळा लावला आणि श्वास रोखला. जोडावर एक काळी बारीक रेघ होती.

"सर, तडा आहे," ती म्हणाली.

सर घाईत होते. त्यांनी वाकून पाहिले. "हं, दिसतोय खरा. वहीत नापास लिही."

ती रेघ कशाची आहे हे मला ठाऊक होते. ती माझ्यातल्या धाग्याची होती. पाचरच्या डोळ्यांत पाणी आले आणि मित्रांनो, लपवत नाही, मला आनंद झाला. चार महिन्यांनी ती माझ्यापाशी बसली होती. तिने उठूच नये असे मला वाटत होते.

पण ती हट्टी. तडा कुठून सुरू झाला ते शोधायला तिने तुकडा सरकवला. लोखंडाचे कण सरकले, रेघ जागची हलली नाही. तिने तुकडा फिरवला, तरी रेघ तशीच. मग तिने माझी नेत्रिका फिरवली आणि रेघ फिरली.

"सर, तडा माझ्या जोडात नाही. याच्या काचेवर काहीतरी पडलंय."

सरांनी पुन्हा पाहिले आणि कपाळावर हात मारला. "आणि मी शहाणा नापास करून मोकळा झालो. सॉरी गं." तोच तुकडा त्यांनी नव्याखाली ठेवला. पडद्यावर स्वच्छ, एकसंध जोड दिसला. मागून कोणीतरी म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला भंगारात द्या आता."

"भंगारात कशाला?" पाचर म्हणाली. "त्याची खोळ आपणच काढून घेतली ना?" तिने माझी नेत्रिका उघडली, रबरी फुग्याने हवा मारून धागा उडवला, भिंग मऊ कागदाने पुसले. मान खाली घालायची सोय असती तर मी घातली असती.

आता मला नवी खोळ आहे. नव्याचा हेवा मला अजून वाटतो, रोज वाटतो. तरी तुमच्याकडे एक गोष्ट मागतो. काम झाले की आम्हां दोघांनाही झाका. आमच्या काचेवर काही पडले, तर दोष समोरच्यात दिसतो आणि चांगले काम फुकट जाते.

खिडकीतून मला तो झोपाळा दिसतो. पाचरचा भाऊ त्यावर उंच जातो आणि ओरडून सगळ्यांना सांगतो, "माझ्या ताईने केलाय." तिचा तो चांगला नमुना मी भंगारात जाऊ दिला असता, मित्रांनो, ती आणखी थोडा वेळ माझ्यापाशी बसावी एवढ्यासाठी.