ऐन मधला डाग

"जमेल का तुला?" असं कुणी विचारलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. जमणार नसतं तर हात घातला असता का मी?

त्या दिवशी हात घातला होता माझ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. मी कपड्यांचे पॅटर्न काढते, कारखान्यात कापड बेततात ते. त्याचं सॉफ्टवेअर याच कॉम्प्युटरच्या मदरबोर्डशी लग्न लावून बसलंय, दुसऱ्या कुठे नांदायला तयार नाही. तेव्हा नवा कॉम्प्युटर घ्यायचा प्रश्नच नव्हता. पण आतला प्रोसेसर पार थकला होता. कारखान्याने आठवडाभर आधी नव्या कामाची भलीमोठी फाइल पाठवली, तर ती उघडतानाच आचके द्यायला लागला. त्यातले पॅटर्न त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोठ्या मापांत वाढवून पाठवले तर वर्षभराचं काम माझं. नाहीतर धाकट्या दिरांच्या कापडदुकानात गल्ल्यावर बसायचं. दुकान वाईट नाही, पण तिथे दिवसभर दिरांचं बोलणं ऐकावं लागतं.

म्हणून त्याच बोर्डावर चालेल असा, वापरलेला पण दमदार प्रोसेसर मी शोधून आणला. बोर्डाला त्याची ओळख पटावी म्हणून लागणारं अपडेट आदल्या दिवशीच उरकलं. सकाळी नवरा कामावर गेल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर आडवा घातला आणि झाकण काढलं.

सासूबाई समोर भाजी निवडत होत्या. त्यांची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत गेली, शेवटी तर तिथल्या मुकादम होत्या. डाग त्यांच्या नजरेतून सुटत नाही. आमच्याकडे पाहुणे चहासुद्धा जपून पितात.

प्रोसेसरवरचा पंखा काढला, तर त्याच्या बुडाला राखाडी पेस्ट वाळून खडखडीत झालेली.

"शी, काय घाण साठलीय," म्हणत मी ती खरवडली आणि स्पिरिटने पुसून काढली. सासूबाईंनी पसंतीची मान हलवली आणि भाजी धुवायला नळाकडे वळल्या. मग नवा प्रोसेसर जागेवर ठेवला, कडी अडकवली, आणि ऐन मधे ताज्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका दिला.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. दीर होते.

"वहिनी, सोमवारपासून गल्ल्यावरची खुर्ची झटकून ठेवू ना? कशाला त्या डब्याला सलाइन लावत बसलाय?"

"खुर्ची राहू द्या तुम्हालाच, भाऊजी. एवढं पोट घेऊन उभं राहवत नसेल," म्हणून मी फोन ठेवला खरा, पण रागाने कान तापले होते. तशीच तणतणत आत आले, पंखा उचलला, बसवला आणि स्क्रू पिळले. खाली बघितलंसुद्धा नाही.

कॉम्प्युटर सुरू झाला. स्क्रीनवर नव्या प्रोसेसरचं नाव आलं, तशी मी सासूबाईंकडे ऐटीत बघितलं. फाइल उघडायला घेतली. अर्धी उघडली आणि सगळं काळं झालं. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. दुपार कलायला लागली होती.

"बिघडला का गं?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"मी बसवलेला बिघडत नाही, आई." खरं तर हे मी स्वतःलाच सांगत होते.

तिसऱ्यांदा मी फाइलच्या वाटेलाच गेले नाही. नुसतं प्रोसेसरचं तापमान बघत बसले. आकडा भराभर चढत होता. म्हणजे प्रोसेसर धडधाकट होता, फक्त त्याची उष्णता पंख्याच्या बुडापर्यंत पोचत नव्हती. ती पोचवणं हे त्या पेस्टचं काम. मी कॉम्प्युटर बंद केला, निवू दिला आणि पंखा उचलला. प्रोसेसर लख्ख. पेस्टचा मागमूस नाही.

इतकं लख्ख या घरात एकच माणूस पुसतं.

"आई, इथे ठिपका होता."

"डाग होता तो. तूच घाण म्हणालीस ना? एवढं घासलंस आणि ऐन मधे तेवढा राहिला. म्हटलं, तू फोनवर आहेस तोवर पुसून टाकू." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. "तो लागतो का?"

मी पेस्टचं काम समजावून सांगितलं. त्यांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. "म्हणजे माझ्या पायी तुझं काम जाणार."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. न बघता पंखा बसवणारी मीच होते. आणि आई अशा खाली मान घालून बसलेल्या मला बघवेनात.

"काही जात नाही. संध्याकाळ व्हायचीय अजून." मी पेस्टची ट्यूब त्यांच्या हातात दिली. "वाटाण्याएवढा. ऐन मधे."

"मी?"

"तुम्हीच. म्हणजे परत पुसणार नाही."

त्यांनी चष्मा लावला, श्वास रोखला आणि ठिपका दिला. मग चारही बाजूंनी वाकून बघितलं. "जरा डावीकडे गेला."

"चालतो तेवढा."

या वेळी मी डोळे उघडे ठेवून पंखा बसवला. त्या टॉर्च धरून उभ्या होत्या.

फाइल उघडली, पूर्ण उघडली. मापं वाढवून मी ती पाठवली, आणि दिवे लागायच्या सुमाराला कारखान्याचं उत्तर आलं. काम माझं झालं होतं. मला इतका आनंद झाला की आईंचा हात धरून नुसती बसून राहिले.

फोन पुन्हा वाजला. या वेळी आईंनी उचलला.

"ती काही यायची नाही दुकानात. मिळालं तिला काम." मग जरा वेळ त्यांनी लेकाचं ऐकून घेतलं. "आणि डबा कुणाला म्हणतोस रे? आतला डाग माझ्या हातचा आहे."