खिडकीतला खराटा

मी मिरचीचं झाड बोलतोय. झाड कसलं, सध्या खराटाच म्हणा. अंगावर एक पान नाही. नांदेडातल्या एका स्वयंपाकघराच्या खिडकीत, रंगाच्या जुन्या बादलीत उभा आहे. बरं वाटत नाही, वाईटही वाटत नाही.

माझं बियाणं कस्तुराबाईच्या माहेरचं, देगलूरकडचं. तिकडं आता सगळे नर्सरीतून रोपं आणतात. घरचं बियाणं कुणी धरतच नाही. लेकाकडं राहायला येताना म्हातारीनं मला मांडीवर घेऊन बसमधून आणलं. कंडक्टर हसला तर म्हणाली, "हसून घे! अशी मिरची तुझ्या बापानं खाल्ली नसंल."

गच्चीवर मी चांगला लागलो. हिरव्या मिरच्या घरानं खाल्ल्या. शेवटच्या लाल झालेल्या तिनं बियाण्यासाठी दोऱ्यात ओवून खिळ्याला टांगल्या. सुनेला, वर्षाराणीला, ते सांगायचं मात्र राहून गेलं.

दिवाळीनंतर नातू गोलू तापला. कस्तुराबाई देवळात गेलेली. घाबरलेल्या वर्षाराणीनं खिळ्याच्या मिरच्या ओढल्या, मीठ-मोहरीसोबत पोरावरून उतरवल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या.

सासू दारात येताच ती म्हणाली, "आत्याबाई, जरा बी ठसका लागला न्हाई. लई कडक नजर होती बघा!"

कस्तुराबाईनं रिकामा खिळा पाहिला. "निघाली ना? बरं झालं," एवढंच बोलली. नातवाची नजर काढलेली, रागवायचं तरी कुणावर? पण त्या दिवसापासून सुनेशी बोलणं कामापुरतंच उरलं.

मग थंडी पडली. त्या बियाण्याचा आता मी एकटाच राहिलो होतो. म्हातारीनं मला वीतभर ठेवून छाटलं आणि घरात आणलं. कात्री लागली तेव्हा दुखलं नाही. थंडीत आम्हाला काही जाणवतच नाही.

आपण काय जाळलं ते वर्षाराणीला नवऱ्याकडून कळलं. तेव्हापासून सासू आंघोळीला गेली की ती रोज माझ्यात तांब्याभर पाणी ओतायची. बिचारी! झोपलेल्या झाडाला घोटभर पुरतं. माझी मुळं काळी पडायला लागली.

आज कस्तुराबाईनं बादलीत बोट खुपसलं. "अगं बाई, चिखल झाला की! कोण पाणी घालून राहिलं?"

"मीच." वर्षाराणी रडायलाच लागली. "तुमचं बियाणं जाळलं म्या. हे झाड तरी जगावं म्हणून..."

"येडे, गोलूपरीस बियाणं मोठं हाय का?" म्हातारीनं पदरानं तिचे डोळे पुसले. "मीच आपली तोंड फुगवून बसले. सांगायचं तर माझंच राहिलं होतं."

मग दोघींनी मिळून चिखल काढला, कोरडी माती भरली. कस्तुराबाईनं माझ्या खोडाला नख लावलं. साल निघाली. आत जरासं हिरवं होतं.

"हाय! जीव हाय ह्याच्यात!" वर्षाराणी ओरडली.

मला मात्र काहीच जाणवलं नाही, खरं सांगतो. फुटेन असा शब्दही देत नाही. फक्त आता होळीपर्यंत मला तहानलेलं राहू द्या, बायांनो. आणि फुटलोच, तर बियाण्याची पहिली लाल मिरची वर्षाराणीलाच दोऱ्यात ओवू द्या.