दिसते काई?

बुधरीने बांबूच्या कामटीचे एक टोक वाफ्याच्या कडेला रोवले, दुसरे हातात धरून कमान वाकवली आणि मान वर न करता विचारले,

"भाऊ, दिसते काई?"

"काई नाई दिसत," मागून इसरू म्हणाला. हातातला दांडा त्याने कुंपणाच्या खुंटावर दोनदा आपटला.

ते ठोके ऐकल्यावरच तिने दुसरे टोक मातीत दाबले. दोन रात्री अशी थंडी पडली होती की पहिल्या वाफ्यातली वांग्याची रोपे माना टाकून बसली होती. दुसऱ्या वाफ्यातली टमाटर आणि मिरची अजून तग धरून होती. दिवस मावळायच्या आत त्यांच्यावर कमानी उभ्या करून लुगडी पांघरली नाहीत, तर धानोऱ्याच्या बाजारात न्यायला एक रोप उरणार नव्हते. रोपे बुधरीच्या वहिनीने, म्हणजे इसरूच्या बायकोने टाकली होती. रुखमाने बी टाकले, आठ दिवसांनी ती बांधावर गवत कापायला गेली आणि परत आली नाही. त्याला आता महिना झाला होता.

वाघाचे नाव गावात कोणी घेत नसे. 'तो' म्हटले की पुरे. वाकलेले माणूस त्याला ढोर वाटते, हे मात्र लहान पोरालाही ठाऊक होते. म्हणून दिवाळीपासून गावाने कामाची रीतच बदलली होती. एकाने वाकायचे, दुसऱ्याने जंगलाकडे तोंड करून ताठ उभे राहायचे आणि दांडा आपटत राहायचा. वाकलेल्याने विचारायचे, उभ्याने सांगायचे. घरामागच्या सांदवाडीचे कुंपण संपले की पलीकडे कमरेएवढे गवत होते, आणि गवतामागे लगेच जंगल.

त्या दिवशी बांधावर उभा होता तो इसरूच. तमाखू मळत बसला असेल, असे लोक बोलत. तोंडावर कोणी म्हणाले नाही, पण त्याला राखणीला उभे करून वाकायला आता गावात कोणी तयार नव्हते. 'माया सख्खा भाऊ हाय तो,' असे चारचौघींत ठणकावून बुधरी आली होती खरी. आता प्रत्येक कमानीला तिच्या पाठीवर काटा उभा राहत होता आणि ठणकावण्याची हौस कधीच फिटली होती.

पाचवी कमान रोवताना मोहाच्या झाडावर वानरे खेकसली. एकदा, मग लागोपाठ. बुधरीचे हात मातीतच थिजले.

"भाऊ, दिसते काई?"

"काई नाई दिसत."

आवाज अगदी मघासारखाच होता, आणि त्यालाच ती घाबरली. तिने वळून पाहिले. इसरू जंगलाकडे तोंड करून ताठ उभा होता. दांडा खुंटावर नेमाने पडत होता. आणि कडू औषध घेणाऱ्या पोरासारखे त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

बुधरी उठून कुंपणापाशी आली आणि गवताकडे बघत राहिली. वानरे हळूहळू गप्प झाली. बाहेर काही आले नाही. मग तिला इतका राग आला की दांडा हिसकून त्याच्याच पाठीत घालावा.

"कधीपासून मिटून हायेस?"

"पयल्या कमानीपासून."

"अन् त्या दिशी?"

इसरूने डोळे उघडले नाहीत.

"तवा उघडे होते," तो म्हणाला. "गवत हललं, ते दिसलं. तो दिसला. रुखमाले सांगाले तोंड उघडलं, बुधरी, पण आवाजच नाई निघाला."

दांडा एकदा खुंटावर आपटून तो म्हणाला, "लोक तमाखू म्हणतेत. म्हणू दे. तेच बरं हाय."

बुधरीचा राग होता तिथेच विरला. भीती मात्र राहिली, उलट वाढली. तिने त्याच्या हातातून दांडा काढून घेतला.

"तू वाक. मी उभी राह्यतो."

तो वाफ्याशी जाऊन वाकला. त्याच्या हाताला बांबू चांगला ओळखीचा होता. बघता बघता दोन कमानी उभ्या राहिल्या. मग खालूनच त्याने विचारले,

"दिसते काई?"

'काई नाई दिसत' हे तिच्या जिभेवर आले होते. तिने ते गिळले.

"दिसते," ती म्हणाली. "कुंपण दिसते. मोह दिसते. मोहावर दोन वांदरं हायेत, एक दुसऱ्याच्या उवा काढून राह्यलं. गवत दिसते."

खालचे हात थांबले.

"हलते?"

बुधरीने पाहिले. गवत हलत होते. तिचे डोळे आपोआप मिटू लागले. तिने ते ताणून उघडे ठेवले. गवताची लाट कुंपणापर्यंत आली, आतल्या तुरीत शिरली आणि तिच्या कपाळावरचे केस उडाले.

"हलते," ती मोठ्याने म्हणाली. आवाज निघाला. "हवा हाय, भाऊ. तू बांध."

इसरूने रुखमाचे लुगडे उलगडले आणि पहिल्या कमानीवरून ओढून घेतले.