मागच्या सीटवरची साक्ष

देवदत्त टिपणीस अंबरनाथच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता आणि रविवारी गाड्यांचे व्हिडिओ करून नेटवर टाकत असे. २००९ साली आपल्याकडे हा उद्योग करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि त्यातले बरेचसे कंपनीचं ब्रोशर वाचून दाखवण्यात धन्यता मानत. देवदत्त तसा नव्हता. तो टेप लावून डिकी मोजायचा, दाराच्या फटीत रुपयाचं नाणं घालून बघायचा, आणि सगळं झालं की आईला मागच्या सीटवर बसवायचा.

खरी मजा आईचीच होती. कुमुदिनीबाई एकाहत्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्या गाडीत बसत, अंबरनाथ पश्चिमेहून बदलापूरपर्यंतचे खड्डे निमूटपणे खात, उतरत, आणि कॅमेऱ्याकडे बघून निकाल देत. 'बसले, उतरले, गुडघा बोलला नाही' असं म्हणाल्या की गाडी पास. एका महागड्या गाडीबद्दल त्यांनी, हिच्यात बसायचं तर आधी आडवं व्हावं लागतं, असं तोंडावर सांगून टाकलं होतं. इकडचा माणूस गाडी घेतो ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन फिरायला. इंजिनाची ताकद तो शेजाऱ्याला सांगण्यापुरती विचारतो. त्यामुळे लोक शोरूममध्ये जाऊन सरळ विचारत, की टिपणीसकाकू हिच्याबद्दल काय म्हणाल्या.

रोज संध्याकाळी चहा झाला की देवदत्त कॉम्प्युटर लावून लोकांच्या कमेंट आईला वाचून दाखवायचा. पडद्यावरची बारीक अक्षरं तिला दिसत नसत. कुणी 'काकू, तब्येतीला जपा' असं लिहिलेलं असलं की ती पदर सारखा करायची, जणू लिहिणारा समोर बसलाय. दिवसभरातला हा तिचा सगळ्यात आवडता अर्धा तास होता.

मग कल्याण रोडवरच्या एका शोरूमचे मॅनेजर शरदचंद्र मोकाशी देवदत्तच्या आयुष्यात आले. ते फार गोड बोलत. त्यांनी एक पांढरी हॅचबॅक त्याच्या बिल्डिंगखाली आणून उभी केली आणि म्हणाले, वर्षभर वापरा, आईंना फिरवा, जे वाटेल ते बोला. देवदत्त पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरायचा, आणि म्हणून आपण विकलो गेलो नाही असं स्वतःला बजावायचा. माणूस एका दिवसात लबाड होत नाही. पण गाडी खाली उभी असली की जीभ जरा आखडते.

त्या शोरूमची खासियत म्हणजे त्यांनी स्वतः बसवून दिलेलं सुरक्षा लॉक. चोराने काच फोडून हात आत घातला तरी दार आतून उघडणार नाही, असं ते लॉक. त्यावर देवदत्तने एक व्हिडिओ केला. तोंडाला रुमाल बांधून तो स्वतःच चोर झाला, गाडीत अडकला, काचेवर हात आपटत 'वाचवा, वाचवा' म्हणून ओरडला, आणि कुमुदिनीबाई बाहेर काठी टेकून म्हणाल्या, 'बस आता आतच.' तो व्हिडिओ तुफान चालला. केबलवाल्याने तो महिनाभर आपल्या लोकल चॅनलवर फिरवला. रिक्षावाले देवदत्तला बघून 'वाचवा, वाचवा' करू लागले.

एक गोष्ट मात्र त्या व्हिडिओत नव्हती. शूटिंग संपल्यावर लॉक उघडलंच नाही. सात मिनिटं देवदत्त खरोखरच आत होता, मग ते आपसूक सुटलं. जानेवारी होता म्हणून घामावर निभावलं. मोकाशींनी फोनवर सांगितलं की हा एकच पीस तसा आहे, दुरुस्त करून देतो. देवदत्तने ती सात मिनिटं कापली. दिवसभर कारखान्यात खराब मालावर लाल शिक्का मारणाऱ्या माणसाने रविवारी शिक्का खिशात ठेवला, एवढंच.

पुढे मार्चमध्ये त्या व्हिडिओखाली एक लांबलचक कमेंट आली. बदलापूरची शीला गमरे. 'काकू, तुमचा शब्द ऐकून बाबांसाठी गाडी घेतली. परवा बाबा आत अडकले' देवदत्तने एवढंच वाचलं. पुढच्या सात-आठ ओळी त्याने वाचल्याच नाहीत. पुसून टाकली. तिने पुन्हा लिहिली, त्याने पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा पुसून त्याने वर स्वतःच्या नावाने लिहून ठेवलं: 'अशा कमेंट दुसऱ्या शोरूमची माणसं करतात. लक्ष देऊ नये.' त्या संध्याकाळी आईला त्याने बाकीच्या अकरा वाचून दाखवल्या.

मे महिन्यातल्या रविवारी त्याने गाडीच्या एसीची परीक्षा घ्यायचं ठरवलं. जागा उल्हासनगर कॅम्प नंबर तीनची बाजारपेठ, वेळ दुपारी एकची, काचा बंद, मागे आई, हातात थर्मामीटर. हॅंडीकॅम डॅशबोर्डवर त्यांच्याकडे तोंड करून बसवलेला. जीन्सच्या गाळ्यांसमोर गाडी गर्दीत उभी राहिली आणि कुमुदिनीबाई म्हणाल्या की गारवा बरा आहे. त्यानंतर टक् असा आवाज झाला. एसी थांबला, इंजिन थांबलं, चारही दारांचे खटके खाली बसले.

देवदत्तने हॅंडल ओढलं. काच खाली करायचं बटण दाबलं. हॉर्न दाबला. काहीही झालं नाही. आईने विचारलं, काय रे, आणि तो म्हणाला, काही नाही, दोन मिनिटं. त्याने मोकाशींना फोन लावला. ते कुठल्याशा लग्नात जेवत होते. मेकॅनिक पाठवतो म्हणाले, अर्धा तास धरा. मग आवाज खाली आणून त्यांनी मुद्द्याची गोष्ट सांगितली.

"काच मात्र फोडू नका हां टिपणीस. शोरूमची गाडी आहे."

आणि देवदत्तने फोडली नाही, हे लिहिताना मला अजूनही त्याचा राग येतो. पहिली पाच मिनिटं तो मोकाशींची काच सांभाळत बसला. दुपारच्या उन्हात पत्रा तापला. आतली हवा जड झाली. थर्मामीटर पंचेचाळीसवर गेलं तेव्हा त्याने ते उलटं करून ठेवलं. आईच्या कपाळावरचा घाम आधी वाहत होता, मग वाहायचा थांबला, आणि तिने विचारायचंही थांबवलं. तेव्हा कुठे त्याने काचेवर हात आपटले आणि ओरडायला सुरुवात केली.

"वाचवा! अहो, दार उघडा कुणीतरी! वाचवा!"

बाहेर लोक थांबले, आणि हसले. अरे, ते टिपणीस, शूटिंग चाललंय, बघ बघ, काकू पण आहेत. डॅशबोर्डवर कॅमेरा होता, त्याचा लाल दिवा चालू होता, आणि आतला माणूस तेच शब्द तशाच आवाजात ओरडत होता. एका दुकानदाराने लोकांना मागे सरकवलं, शूटिंगमध्ये अडथळा नको म्हणून. दोघा-तिघांनी मोबाइल काढून शूटिंगचं शूटिंग केलं. देवदत्त हात जोडत होता. त्याने हात जोडले की बाहेरून टाळ्या पडत होत्या.

त्याने बूट काढून टाच काचेवर मारली. बसल्या जागी पाय मागे घ्यायला जागाच नव्हती. पाण्याची स्टीलची बाटली मारली, बाटलीला पोचा आला. तीस पावलांच्या आत चारशे माणसं होती, आणि त्यातल्या एकालाही हे खरं वाटत नव्हतं. मागे वळून बघायची त्याला भीती वाटत होती. कारखान्यात, घरी, कुठेही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात एक बाई गर्दीतून पुढे आली. पस्तिशीची, हातात पिशवी. ती हसत नव्हती. तिने देवदत्तकडे बघितलंसुद्धा नाही. मागच्या काचेला कपाळ लावून कुमुदिनीबाईंकडे बघितलं, मग पुढे येऊन बॉनेटवर थाप मारली आणि हाताने खालून ओढल्याची खूण केली. बॉनेट. बॉनेटचं हॅंडल. देवदत्तने ते ओढलं. तिने बॉनेट वर केलं, शेजारच्या रिक्षावाल्याकडून पाना मागून घेतला, बॅटरीची एक तार काढली, थोडं थांबून परत लावली. टक् झालं. चारही खटके वर आले.

मग मात्र सगळे धावले. कुमुदिनीबाईंना जीन्सच्या गाळ्यात पंख्याखाली नेलं, कुणी लिंबूपाणी आणलं, कुणी ओला रुमाल. दुकानदार सारखा 'सॉरी साहेब, हमको लगा शूटिंग है' म्हणत होता. दहा मिनिटांनी कुमुदिनीबाईंच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी त्या बाईचा हात धरला आणि विचारलं, तुला कसं गं कळलं.

"माझी पण हीच गाडी आहे, काकू. मी शीला. बाबा अडकले तेव्हा एका गॅरेजवाल्याने ही तार काढायला सांगितली. ते सगळं मी तुम्हाला लिहिलं होतं. तीनदा लिहिलं."

कुमुदिनीबाईंनी मान हलवली. तसं असेल तर मला माहीत असतं, त्या म्हणाल्या, माझा मुलगा मला सगळं वाचून दाखवतो, एक अक्षर सोडत नाही. हे त्यांनी इतक्या विश्वासाने सांगितलं की शीलाने मान खाली घातली. मग त्यांनी देवदत्तकडे बघितलं. तो पोचा आलेली बाटली हातात धरून उभा होता, आणि त्याला मान वर करता येत नव्हती. आपण पुसलेल्या कमेंटमध्ये शेवटी काय होतं ते त्याला आत्ता कळलं होतं. त्यात ही तार होती. नीट वाचली असती तर बॉनेटचं हॅंडल त्याच्या गुडघ्यापाशीच होतं.

कॅमेरा अजून चालू होता. आईने तो आणायला सांगितला, त्याच्याकडे बघितलं, आणि निकाल दिला. 'बसले. उतरले ते या मुलीमुळे.' एक सेकंदही कापायचा नाही, एवढंच त्या देवदत्तला म्हणाल्या, आणि शीलाने थांबवलेल्या रिक्षात बसून घरी गेल्या. पांढरी गाडी दुसऱ्या दिवशी शोरूमचा माणूस येऊन घेऊन गेला. मोकाशींचा फोन नंतर लागला नाही.

देवदत्तने सव्वीस मिनिटांचा व्हिडिओ जसाच्या तसा टाकला. जानेवारीची कापलेली सात मिनिटंही पुढे जोडली, आपण कमेंट पुसल्या हेही लिहिलं. आता मोठं वादळ उठेल, लोक शिव्या देतील, याची त्याने तयारी केली होती. शिव्या परवडल्या असत्या. लोकांनी लिहिलं की ॲक्टिंग जबरदस्त. काकूंना बक्षीस द्या. चोरवाल्यापेक्षा हा भाग भारी. एकाने विचारलं की आता दुसऱ्या कंपनीची गाडी मिळाली वाटतं. आणि त्या लॉकची गाडी या आठवड्यात घ्यायला निघालेल्या एका माणसाने लिहिलं, की सर, जोक छान होता, पण खरं सांगा, घेऊ ना?

देवदत्त बदलापूरला शीलाच्या घरी गेला. दार भगवानरावांनी उघडलं. आत अडकलेले बाबा ते हेच. त्यांनी पाणी दिलं, बसा म्हणाले, आणि आतल्या खोलीत गेले. देवदत्तने शीलाला विनवलं की तुम्ही पुन्हा लिहा, तुमच्यावर लोक विश्वास ठेवतील. शीलाने त्याला पूर्ण बोलू दिलं.

"मी लिहिलं होतं, सर. तेव्हा लोक तुमचं खरं मानत होते."

पण काकूंसाठी लिहीन, असं ती म्हणाली, आणि तिने लिहिलं. तारीख, बाबांचं वय, लॉक, बॅटरीची तार, सगळं. संध्याकाळी चहा झाल्यावर कुमुदिनीबाई नेहमीच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि वाच म्हणाल्या. देवदत्तने शीलाची कमेंट पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. मग तो थांबला. खाली आणखी काहीतरी आहे हे त्यांना त्याच्या थांबण्यावरून कळलं, आणि त्या म्हणाल्या, पुढचं.

शीलाच्या कमेंटखाली तासाभरात नऊ जणांनी एकच गोष्ट लिहिली होती. देवदत्तने ती वाचली. "अशा कमेंट दुसऱ्या शोरूमची माणसं करतात. लक्ष देऊ नये."

तेच त्याने नऊ वेळा वाचलं. त्याचा हात माऊसवर गेला होता, ते कुमुदिनीबाईंना दिसलं. एवढं त्यांना दिसत असे.

"पुसू नकोस," त्या म्हणाल्या. "ते तुझंच आहे."