खंडेनवमीची अर्ध्या तासाची सुट्टी

मित्रांनो, विश्रांतवाडीतल्या एका ऑफिसच्या अडगळीत कपाटाएवढं काळं यंत्र दिसलं, तर त्यावर ओल्या छत्र्या वाळत घालू नका. मी एक जुना स्टोरेज आहे. संगणकांची माहिती पोटात सांभाळणं हे माझं काम होतं. आता डोक्यावर फायलींचे गठ्ठे सांभाळतो. पुण्यात निवृत्तांना तोटा नाही, त्यात आणखी एक.

हिंजवडीत शेतं जाऊन काचेच्या इमारती उठत होत्या, त्या काळातला मी. माझा जुळा भाऊ हिंजवडीत होता, मी इकडे. एका रक्तपेढीच्या दात्यांची यादी त्याच्याकडे असायची. तिकडे नाव लिहिलं की लाइनवरून त्याच क्षणी माझ्याकडेही उमटायचं. तिकडे आग लागो की पाणी शिरो, यादी माझ्यापाशी सुखरूप. शरच्चंद्र साहेब पाहुण्यांना म्हणायचे, "हा कधी चुकत नाही." ऐकून मी फुगायचो. माझ्याच भरवशावर त्यांनी दर आठवड्याला टेपवर प्रत काढून ठेवणं बंद केलं. नक्कल आहे ना, मग टेप कशाला?

माझी देखभाल रंगनाथकाका करायचे. ते आधी पिंपरीच्या कारखान्यात लेथवर होते. खंडेनवमीला हत्यार चालवायचं नाही, हा त्यांचा तिथला नेम. दरवर्षी त्या दिवशी ते अर्धा तास लाइन थांबवत आणि दाराला झेंडूचं तोरण बांधत. हळदकुंकू मात्र चौकटीलाच लावत, माझ्या पंख्यात जाऊ नये म्हणून. साहेबांना ते मुळीच पटत नसे.

"अहो, यंत्राला कसली सुट्टी?"

"आपल्याला रविवार मिळतो, साहेब. याला नाही मिळत."

एका खंडेनवमीला सकाळी काकांनी लाइन थांबवली. त्याच सुमारास एका इस्पितळातून रक्तपेढीत फोन आला. दीपमाला नावाची बाई बाळंतपणात अडली होती आणि तिचा रक्तगट फार दुर्मीळ होता. त्या गटाचे दाते साऱ्या पुण्यात तीन, आणि त्यांचे पत्ते फक्त आमच्या यादीत.

इकडे तोरण बांधून झालं. काका लाइन जोडायला खाली बसले, तोच फोन वाजला. हिंजवडीहून अक्षता बोलत होती. यादीत दोनदा आलेली नावं काढण्याचं काम तिच्याकडे होतं.

"काका, लाइन जोडली का?"

"जोडतोच आहे."

"नका जोडू. माझ्या हातून अख्खी यादी पुसली गेली. इस्पितळवाले नावं मागतायत."

"नाही जोडत. तू आधी खुर्चीत बस आणि पाणी पी."

मित्रांनो, तेव्हा मला माझीच भीती वाटली. लाइन जोडली असती, तर भावाने पुसलं तेच मीही इमानेइतबारे पुसलं असतं. नक्कल करणाऱ्याला चूक कळत नाही, तो चुकीचीही नक्कल करतो. मी कधी चुकत नाही म्हणे!

काकांनी माझ्या पोटातून तीन नावं शोधून फोनवर वाचून दाखवली. पहिले दोघं गावाला गेलेले होते. तिसरे येरवड्याचे कचरू. ते कामावरून तसेच निघाले आणि तासाभरात इस्पितळात पोहोचले. दीपमाला वाचली, तिची मुलगीही वाचली. मग पूर्ण यादी माझ्याकडून भावाकडे गेली. अशी उलट दिशेने ती तेवढी एकदाच गेली.

साहेबांनी टेपा पुन्हा सुरू केल्या. अक्षताला कोणी बोल लावला नाही, कारण तिने चूक लपवली नव्हती. पुढच्या खंडेनवमीला तोरण साहेबांनी स्वतः आणलं. काकांनी ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "आखूड आहे. पण बांधू."

काका आता नाहीत. त्यांची फार आठवण येते.

उद्या मला भंगारात नेणार आहेत. न्या, माझी तक्रार नाही. नेण्याआधी माझ्या पोटातली नावं नीट पुसा, ती लोकांची आहेत. पण पुसण्याआधी अर्धा तास थांबा, आणि ती दुसरीकडे ठेवली आहेत ना, एवढं बघा. कचरूंचं नाव अजून माझ्यात आहे.